पंचाची पत

कोणत्याही बाजारपेठेत पत दोन प्रकारची असते. एक व्यापाऱ्याची. शब्द पाळणारा कोण, वजनात मारणारा कोण, उधारी वेळेवर चुकती करणारा कोण, हे पेठेत सर्वांना ठाऊक असते. दुसरी पत पंचांची. तंटा उभा राहिला की ज्यांच्याकडे जायचे आणि निर्णय मनाविरुद्ध गेला तरी जो मान्य करून पुन्हा आपापल्या दुकानी बसायचे, अशी माणसे पेठेला लागतात. व्यापाऱ्याच्या पतीची चर्चा रोज होते. पंचांवरील भरवशाची आठवण मात्र तो डळमळू लागला म्हणजेच होते.

ही जुनी गोष्ट गेल्या दोन-अडीच दशकांत अगदी नव्या ठिकाणी कसाला लागली आहे. घरातील मुले ज्याला नुसते ‘गेम’ म्हणतात, त्यांपैकी अनेक खेळ आता एकट्याने खेळायचे राहिलेले नाहीत. हजारो माणसे एकाच वेळी एका आभासी जगात वावरतात, गट बांधतात, माल तयार करतात, विकतात, भांडतात आणि एकमेकांना शिव्याही देतात. माणसे जमली की तंटे आले आणि तंटे आले की निवाडा करणारे आले. मॉडरेटर, गेम मास्टर, कम्युनिटी मॅनेजर अशी त्यांची नावे. असे खेळ खेळणाऱ्या तरुणांशी थोडे मोकळेपणाने बोलले की खेळातील चित्रांविषयी वा गतीविषयी तक्रार क्वचित ऐकू येते. या निवाडा करणाऱ्यांविषयी मात्र पुष्कळ. ‘खाते बंद केले, पण कारण सांगितले नाही.’ ‘शिवीगाळ करणारा मोकळा सुटला आणि उलट बोलणाऱ्यावर कारवाई झाली.’ ‘तक्रार केली तर छापील मजकुराचे उत्तर आले.’ वडीलधाऱ्यांना या तक्रारी पोरकट वाटतात. परंतु त्यांच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो व्यापारी घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. पेठेचा मालक, पेठेतील व्यापारी आणि पेठेचा पंच ही तिन्ही कामे एकाच हाती आली तर न्याय कसा व्हायचा?

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण आइसलंडमध्ये सापडते. रेक्याविक येथील सीसीपी या कंपनीने २००३ च्या मे महिन्यात ‘ईव्ह ऑनलाइन’ नावाचा खेळ बाजारात आणला. अंतराळातील हजारो तारामंडले, त्यांतून फिरणारी जहाजे आणि त्या जहाजांसाठी लागणारा सारा माल, असे त्याचे स्वरूप. बहुतेक खेळांत कंपनी खेळाडूंना वेगवेगळ्या सर्व्हरवर वाटून टाकते. येथे, चीनमधील स्वतंत्र आवृत्ती वगळता, सारे खेळाडू एकाच जगात नांदतात. खनिज खाणाऱ्या यंत्रापासून प्रचंड युद्धनौकेपर्यंत बहुतेक माल खेळाडूच तयार करतात आणि खेळाडूच विकत घेतात. जिता नावाच्या तारामंडलातील एका स्थानकावर या जगातील सर्वांत मोठी पेठ भरते. ती तेथे भरावी असे कंपनीने ठरवले नव्हते. वाहतुकीची सोय आणि गिऱ्हाइकांची गर्दी यांमुळे ती आपोआप वाढली, जशा खऱ्या पेठा वाढतात.

या जगातील चलनाचे संक्षिप्त नाव ‘आयएसके’. आइसलंडच्या खऱ्या चलनाचा आंतरराष्ट्रीय संकेतही हाच आहे. खेळाची अर्थव्यवस्था एवढी गुंतागुंतीची झाली की २००७ मध्ये कंपनीने एयोल्फुर गुडमुंडसन या अर्थशास्त्राच्या डॉक्टरेटधारकास नोकरीवर घेतले. महागाई, व्यापाराचे प्रमाण, पैशाचा पुरवठा यांवर ते नियमित अहवाल काढीत. पुढे ते आइसलंडमधील आकुरेरी विद्यापीठाचे प्रमुख झाले. २०१४ च्या जानेवारीत दोन मोठ्या आघाड्यांमध्ये जे युद्ध झाले, त्यात नष्ट झालेल्या जहाजांची किंमत खऱ्या पैशांत तीन लाख डॉलरांच्या आसपास भरते, असा अंदाज त्या वेळी मांडला गेला. तेव्हा हा केवळ वेळ घालवण्याचा चाळा नव्हे. लोकांची वर्षानुवर्षांची मेहनत तेथे साठलेली असते आणि तिच्यावर बंदी घालण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या हाती बरेच काही असते.

या खेळाचा एक नियम प्रथम ऐकणाऱ्यास चकित करतो. तेथे फसवणुकीला मुभा आहे. खोटी आश्वासने देऊन दुसऱ्याचा माल लाटणे, शत्रूच्या गटात हेर पेरणे, विश्वासाने सोपवलेली तिजोरी रिकामी करणे, हे सारे खेळाचाच भाग मानले जाते. निषिद्ध आहे ते वेगळेच : संगणकाच्या साहाय्याने आपोआप खेळत राहणारी सोंगे उभी करणे आणि खेळातील चलन कंपनीच्या परवानगीवाचून खऱ्या पैशांना विकणे. २००९ मध्ये याची मोठी परीक्षा झाली. खेळाडूंनीच ‘ईबँक’ नावाची पेढी चालवली होती. ती ठेवी घेई, कर्जे देई. तिच्या प्रमुखाने सुमारे २०० अब्ज आयएसके काढून घेतले आणि ते बाहेर सहा हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलरांना विकले. घरासाठी भरायची सुरुवातीची रक्कम आणि मुलाच्या उपचारांचा खर्च ही कारणे त्याने पुढे केली. बातमी फुटताच ठेवीदारांची पैसे काढून घेण्यासाठी झुंबड उडाली. गंमत अशी की त्याच्या काही महिनेच आधी, २००८ च्या ऑक्टोबरात, खऱ्या आइसलंडमधील तीन मोठ्या बँका एका आठवड्यात कोसळल्या होत्या.

कंपनीने त्या प्रमुखाचे खाते बंद केले. ठेवीदारांचे पैसे लुबाडले म्हणून नव्हे, तर ते खऱ्या पैशांत विकले म्हणून. बँकेच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला हे विचित्र वाटेल. परंतु खेळाडूंनी या निर्णयाविरुद्ध फारसा गदारोळ केला नाही, कारण नियम आधीपासून सर्वांना ठाऊक होता आणि तो जसाच्या तसा लावला गेला. नियम कडक असो वा सैल, तो आधी सांगितलेला असावा आणि सर्वांना सारखा असावा, एवढीच माणसांची प्राथमिक अपेक्षा असते.

ही अपेक्षा त्याआधीच एकदा मोडली होती आणि तो घाव खोल गेला होता. या खेळात काही प्रगत जहाजांचे मूळ आराखडे फार थोड्या प्रमाणात, सोडतीने वाटले गेले होते. ज्याच्याकडे असा आराखडा, त्याच्याकडे जणू टाकसाळच. कंपनीचे कर्मचारीही साध्या खेळाडूच्या रूपात खेळत; तशी त्यांना परवानगी होती. २००६ मध्ये त्यांपैकी एकाने आपल्या अधिकाराचा वापर करून असे सहा आराखडे स्वतःच्या गटाच्या पदरात टाकले. तो गट त्या काळातील सर्वांत बलाढ्य आघाडीत होता. २००७ च्या फेब्रुवारीत हे उघडकीस आले आणि त्या कर्मचाऱ्याला कबुली द्यावी लागली. कुंपणानेच शेत खाल्ले होते.

अपराधापेक्षाही त्यानंतरचे वर्तन लोकांना अधिक झोंबले. ज्या खेळाडूने हे प्रकरण चव्हाट्यावर आणले त्याच्यावर बंदी आली. माहिती मिळवण्याचा त्याचा मार्ग सरळ नव्हता हे खरे. पण दोषी कर्मचाऱ्याची नोकरी त्या वेळी शाबूत राहिली आणि वर्दी देणारा बाहेर गेला, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. कोणत्याही पेढीत असे घडले तर खातेदार काय म्हणतील? गेलेली रक्कम ते एकवेळ विसरतील. मागच्या किती व्यवहारांत असेच झाले असेल, ही शंका मात्र जात नाही. सहा आराखड्यांनी त्या आघाडीला किती लाभ झाला हा हिशेब मांडता येईल. परंतु त्यापूर्वीच्या प्रत्येक हरलेल्या लढाईकडे आणि प्रत्येक फेटाळलेल्या तक्रारीकडे हजारो खेळाडू ज्या संशयाने पाहू लागले, त्याची किंमत कोणत्या खतावणीत लिहायची?

कंपनीचे श्रेय असे की तिने केवळ खुलासा करून विषय मिटवला नाही. कर्मचाऱ्यांच्या खेळातील व्यवहारांवर लक्ष ठेवणारा स्वतंत्र अंतर्गत विभाग तिने स्थापन केला. बँकांत एकाने नोंद करावी आणि दुसऱ्याने तपासावी ही जी रीत आहे, तिचेच हे रूप. त्याहून वेगळे पाऊल पुढील वर्षी पडले. २००८ मध्ये खेळाडूंनी मतदान करून नऊ प्रतिनिधींचे एक मंडळ निवडले. ‘काउन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट’ असे त्याचे भारदस्त नाव. निवडून आलेल्यांना कंपनी आपल्या खर्चाने रेक्याविकला बोलावते, कंपनीचे अधिकारी त्यांच्यासमोर पुढील योजना मांडतात आणि बैठकांची इतिवृत्तेही प्रसिद्ध झाली आहेत. स्वतःच्या ग्राहकांना अशा रीतीने आत बोलावणारी कंपनी विरळाच.

अर्थात हे मंडळ म्हणजे लोकसभा नव्हे. येथे माणसामागे नव्हे, खात्यामागे एक मत असते. वर्गणी भरून ज्याने पाच खाती उघडली त्याची मते पाच. भागधारकांच्या सभेत शेअरगणिक मत असते, तसेच हे. शिवाय सदस्यांना गोपनीयतेचा करार करावा लागतो; जे ऐकले त्यातील पुष्कळसे निवडून देणाऱ्यांनाही सांगता येत नाही. आणि अंतिम निर्णय कंपनीचाच. मंडळाला व्हेटो नाही, अंदाजपत्रकावर अधिकार नाही. हे सल्लागार मंडळ आहे. टीकाकारांनी त्याला शोभेची बाहुली म्हटले, आणि काही वर्षे ती टीका अगदीच निराधार नव्हती.

२०११ च्या उन्हाळ्यात या मंडळाचा उपयोग दिसला. जूनमध्ये कंपनीने खेळाची नवी आवृत्ती काढली. तिच्यासोबत पात्रांसाठी कपडे आणि दागिने विकणारे दुकान उघडले. त्यात एका डोळ्यावर लावायच्या काचेची किंमत साठ डॉलरांहून अधिक होती. खेळाची महिन्याची वर्गणी सुमारे १५ डॉलर असताना! तेवढ्यात कंपनीचे एक अंतर्गत नियतकालिक फुटले. लोभ चांगला काय, अशा अर्थाच्या मथळ्याखाली त्यात दुकानदारीचे मनसुबे मांडले होते. पाठोपाठ कंपनीप्रमुखाचे एक पत्रही बाहेर आले. खेळाडू काय बोलतात याकडे पाहू नका, ते काय करतात ते पाहा, असा त्याचा रोख होता. खेळाडूंनी मग करूनच दाखवले. ते जिताच्या पेठेत जमले आणि तेथील एका स्मारकावर तासन्‌तास तोफा डागत राहिले. ते स्मारक फुटणारे नव्हते. निषेध हाच हेतू होता. अनेकांनी वर्गणी थांबवली.

कंपनीने मंडळाला तातडीने रेक्याविकला बोलावले. जूनच्या अखेरीस दोन दिवस बैठक झाली. काचेच्या किमतीहून मोठा मुद्दा होता तो हा, की पुढे जहाजांचे बळही पैशांना विकले जाणार काय. तसे होणार नाही असे आश्वासन मिळाले. ऑक्टोबरमध्ये प्रमुख हिल्मार वेगार पेतुर्सन यांनी खेळाडूंना उद्देशून जाहीर पत्र लिहिले आणि आपल्या चुका मान्य केल्या. परंतु त्याच महिन्यात कंपनीला सुमारे पाचव्या हिश्शाइतके कर्मचारी कमी करावे लागले. ग्राहकांशी बोलण्याची तऱ्हा चुकली तर तिचा भार कोणावर पडतो, याचा हा नमुना. पत्र लिहिणारे राहिले. नोकऱ्या ज्यांच्या गेल्या त्यांपैकी बहुतेकांचा त्या निर्णयाशी संबंधही नसेल.

लोकांनी निवडलेला माणूस निर्दोष असतोच असे नाही, हेही या खेळाने दाखवले. २०१२ मध्ये कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात मंडळाच्या तत्कालीन अध्यक्षाने व्यासपीठावरून, मद्याच्या अमलाखाली, एका निराश खेळाडूची टवाळी केली आणि त्याला आणखी छळण्यास इतरांना चिथावले. त्या खेळाडूच्या मनःस्थितीचा विचार करता हा पोरखेळ नव्हता. अध्यक्षाने माफी मागितली आणि पद सोडले. कंपनीने त्याच्यावर ३० दिवसांची बंदी घातली. खेळात लुबाडण्याची मुभा आहे, पण पडद्यामागचा माणूस खरा आहे, त्याला जगणे नकोसे करण्याची मुभा नाही, ही सीमारेषा त्या प्रसंगानंतर अधिक ठळक झाली.

आणि मग आले २०१९. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये कंपनीने मंडळाच्या एका विद्यमान सदस्यावर कायमची बंदी जाहीर केली. आरोप गंभीर होता : मंडळात कळलेली गुप्त माहिती त्याने आपल्या आघाडीतील माणसाला दिली आणि तिच्या जोरावर खेळातील बाजारात व्यवहार केले गेले. शेअरबाजाराच्या भाषेत इनसायडर ट्रेडिंग. त्याच्यासह आणखी दोघांवर कारवाई झाली, मालमत्ता जप्त झाली आणि हे सारे जाहीर पत्रक काढून जगाला सांगितले गेले. या सदस्याचे खरे नाव व व्यवसाय अनेकांना ठाऊक असल्याने बट्टा केवळ खेळातील टोपणनावाला लागला नाही. त्याने आरोप साफ नाकारले. त्याच महिन्यात पुन्हा तपास झाला आणि कंपनीला जाहीर करावे लागले की आरोपास आधार नव्हता. बंदी उठली, मालमत्ता परत मिळाली, कंपनीने माफी मागितली.

चूक कबूल केली हे कौतुकास्पदच. तरीही प्रश्न उरतो. हा माणूस मंडळाचा सदस्य होता, त्याला ओळखणारे हजारो होते, त्याच्या वतीने गलका करणारे सहकारी होते. म्हणून फेरतपास झाला. ज्याला कोणी ओळखत नाही, जो नोकरी आटोपून रात्री दोन तास खेळतो आणि एका सकाळी ज्याचे खाते बंद झालेले असते, त्याच्या बाबतीत अशीच चूक झाली तर ती कोणाच्या लक्षात येणार?

खेळाडूंच्या रोजच्या वैतागाचे मूळ नेमके येथे आहे. शिक्षेची नोटीस येते, तीत कोणत्या नियमाचा भंग झाला एवढाच मोघम उल्लेख असतो. कोणत्या दिवशी, कोणत्या शब्दांमुळे, कोणाच्या तक्रारीवरून, हे कळत नाही. दाद मागावी तर ती त्याच खात्याकडे. उत्तर येते तेव्हा आधीच्याच ओळी पुन्हा चिकटवलेल्या असतात. आणि यावर कळस म्हणजे, अनेक खेळांच्या नियमावलीत मॉडरेटरच्या निर्णयाची जाहीर चर्चा करणे हाच वेगळा गुन्हा असतो. ईव्हच्या चर्चामंचाच्या नियमांतही अशी बंदी होती. कंपनीशी झालेला पत्रव्यवहार प्रसिद्ध करण्यासही मनाई होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

दुसरी बाजू ऐकल्याशिवाय मत बनवणे मात्र अन्याय्य ठरेल. ही कामे करणाऱ्यांचे दिवस सुखाचे नसतात. दिवसभर इतरांची शिवीगाळ वाचायची आणि शेवटी स्वतःच शिव्या खायच्या. पुष्कळ ठिकाणी हे काम बिनपगारी स्वयंसेवक करतात. ईव्हमध्येही नवख्यांना मदत करणारे आणि चर्चेवर लक्ष ठेवणारे असे स्वयंसेवक आहेत. लबाडांचा सुळसुळाट खराच असतो. २००९ मध्ये कंपनीने एकाच मोहिमेत चलनाचा चोरटा व्यापार करणारी सहा हजारांहून अधिक खाती बंद केली. ही खाती तशीच राहिली असती तर प्रामाणिक खेळाडूच्या कमाईचे मोल मातीत गेले असते. शिवाय लबाडी कशी पकडली हे सविस्तर सांगितले तर पुढचा लबाड तेवढे टाळून लबाडी करतो. बँकांनाही हा पेच परिचित आहे. संशयास्पद व्यवहाराची माहिती शासनाच्या यंत्रणेला कळवली, तर ती गोष्ट खातेदाराला सांगण्यास कायद्यानेच मज्जाव आहे.

पण सांगता येत नाही ते वेगळे आणि सांगायचा कंटाळा ते वेगळे. लबाडी पकडण्याचे तंत्र गुप्त ठेवावे. कोणत्या वागणुकीबद्दल शिक्षा झाली हे गुप्त ठेवण्याचे कारण काय? एका कंपनीने निवाड्याचे काम थेट खेळाडूंच्याच हाती देऊन पाहिले होते. ‘लीग ऑफ लीजंड्स’ या खेळात २०११ पासून ‘ट्रायब्युनल’ नावाची व्यवस्था होती. तक्रार झालेल्या खेळाडूचे बोलणे इतर खेळाडूंनी वाचायचे आणि शिक्षा की माफी यावर मत द्यायचे. सुरुवातीस बहुमताशी जुळणारे मत देणाऱ्यास खेळातील चलनाचे लहानसे बक्षीस मिळे. बहुमताशी जुळले तर बक्षीस म्हटल्यावर पंच खटला वाचतील की बहुमताचा अंदाज बांधतील, हे सांगायला नको. ते बक्षीस पुढे बंद झाले. निकाल लागण्यास वेळही फार लागे, आणि २०१४ मध्ये ती व्यवस्थाच थांबली. तरी तिने एक चांगले काम केले : शिक्षा झालेल्याला आपलेच शब्द समोर ठेवून दाखवण्याची कल्पना रुजवली. आपण काय बोललो हे वाचून ज्यांना लाज वाटली, त्यांना वेगळा उपदेश करावा लागला नसेल.

भारतातील बँकग्राहकांना १९९५ पासून लोकपालाची सोय मिळाली. तिचे मर्म फार साधे आहे. तक्रार प्रथम बँकेकडेच करायची. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर जो बँकेच्या पगारावर नाही अशा अधिकाऱ्याकडे जायचे. या सोयीमुळे प्रत्येक तक्रारदार जिंकतो असे नाही. अनेकांच्या तक्रारी फेटाळल्याही जातात. परंतु वर कोणीतरी फाईल मागवू शकतो, एवढ्या जाणिवेने खालच्या टेबलावरचे उत्तर अधिक काळजीपूर्वक लिहिले जाते. ऑनलाइन खेळांत बहुधा हीच पायरी नसते. खेळाची जागा कंपनीची, नियम कंपनीचे, पुरावा कंपनीच्या संगणकात आणि निकालही कंपनीचा. ईव्हने अंतर्गत विभाग आणि निवडलेले मंडळ उभारून या चौकोनाला दोन खिडक्या पाडल्या. २०१९ ची चूक तरीही झाली. पण ती सुधारली गेली, यात त्या खिडक्यांचा वाटा नाकारता येणार नाही.

ज्या घरांतील मुले असे खेळ खेळतात, तेथील मोठ्यांनी याकडे केवळ ‘वेळेचा अपव्यय’ म्हणून पाहू नये. काही व्यावहारिक गोष्टी मुलांना घरातच सांगता येतील. खेळात विकत घेतलेली वस्तू आपल्या मालकीची होत नाही. तिचा वापर करण्याची केवळ परवानगी मिळते, आणि खाते बंद झाले की ती परवानगी संपते. ईव्हच्या करारातही खेळातील चलन व माल कंपनीचाच असतो असे स्पष्ट आहे. म्हणून अशा ठिकाणी गुंतवायचा पैसा नाटकाच्या तिकिटाइतकाच समजावा. ठेव समजू नये. बाहेरून स्वस्तात मिळणारे चलन किंवा तयार खाते घेऊ नये. बंदीचा सर्वांत पक्का धोका तेथेच असतो. आपले खाते दुसऱ्याच्या हाती देऊ नये, कारण त्याने केलेल्या लबाडीची शिक्षा खात्याला होते. भरलेल्या पैशांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. आणि अन्याय झालाच तर दाद मागणारे पत्र शांतपणे, तारीख-वारासह, मुद्देसूद लिहावे. रागाच्या भरात लिहिलेले पत्र वाचणाऱ्याला नकार देण्याचे कारण आयतेच मिळते. हा शेवटचा धडा तर दुकानातही उपयोगी पडतो.

याहून मोठी शिकवण अशा घरांतील कर्त्या पिढीसाठी आहे. उद्या हीच मुले पेढीवर बसतील, एखाद्या व्यापारी संघाच्या वा पतसंस्थेच्या संचालक मंडळावर जातील, कुणाची सवलत थांबवतील, कुणाचे सभासदत्व रद्द करतील. कारण न सांगता बंद झालेल्या खात्याचा सल ज्यांनी कोवळ्या वयात अनुभवला आहे, त्यांना तेव्हा एवढे आठवावे : निर्णय लेखी द्यावा, त्यात कारण लिहावे, समोरच्याचे म्हणणे आधी ऐकावे, स्वतःचा संबंध असेल तेथे खुर्चीवरून उठावे आणि चूक झाली तर जेवढ्या मोठ्या आवाजात आरोप केला तेवढ्याच मोठ्या आवाजात तो मागे घ्यावा. यातील एकाही गोष्टीला खर्च येत नाही. वेळ मात्र लागतो, आणि तो द्यायची तयारी नसेल तर पंचाच्या जागी बसू नये.